परतीचे दिवसही सहलीतलेच

अगं, लक्षद्वीपच्या बोटीचं बुकिंग झालं हे ऐकून फार बरं वाटलं. पाचोऱ्यातून कुणी अशा सफरीला निघालं की सगळे जाण्याचंच विचारतात. कपडे कोणते घेऊ, बोट लागते का, जेवण कसं असतं. परतीचं कुणी विचारत नाही आणि सहलीचा विचका नेमका तिथेच होतो. म्हणून तेवढंच सांगते, नीट ऐक.

बेटं बघून बोट मुंबईकडे वळली की बहुधा एक अख्खा दिवस नुसतं पाणी असतं. त्या दिवशी बायका केबिनमध्ये बॅगा भरत बसतात. तू सकाळीच तासाभरात आवरून टाक आणि संध्याकाळ डेकवर घालव. आपण हिवऱ्या-गिरणेच्या काठची माणसं, चहूकडे पाणीच पाणी पुन्हा केव्हा दिसणार?

मोठ्या बॅगा शेवटच्या रात्री टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या कर्मचारी नेतात आणि आपल्याला थेट खाली उतरल्यावर मिळतात. सकाळचे कपडे त्यातच गेले तर पंचाईत होते. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, चार्जर आणि प्रत्येकाचा एक जोड खांद्यावरच्या पिशवीत राहू दे. बोटीवर वरखर्चाचं सगळं खोलीच्या कार्डावर चढत जातं. त्याचा हिशेब त्याच रात्री बघून घे, सकाळी रांग लागते. फोन विमान मोडवरच ठेव. भर समुद्रात तो बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर आपल्या पॅकमध्ये नसतात.

मुलांच्या खिशांवरून एकदा हात फिरव. किनाऱ्यावरचा पांढरा प्रवाळाचा तुकडा त्यांना दगडच वाटतो, पण प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तो घरी आणायचा नाही.

आता गाडीचं. बोट बॅलार्ड पिअरला लागते, तिथून सीएसएमटी टॅक्सीने अगदी जवळ. जवळ आहे म्हणून सकाळची गाडी काढू नकोस. बोट धक्क्याला लागली तरी मजल्यामजल्याने उतरवतात, मग बॅगा शोधायच्या, त्यात सकाळ जाते. दुपारनंतरची गाडी घे, नाहीतर ठाण्या-कल्याणला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघा. पावणेचारशे किलोमीटर आहे माय, सासूबाईंचे गुडघे लक्षात घे.

आणि एक, जे आधी कुणी सांगत नाही. उतरल्यावर जमीन हलते. आंघोळ करताना, डोळे मिटले की, अगदी स्वयंपाकाच्या ओट्यापाशीसुद्धा. घाबरू नकोस. इतके दिवस मेंदूने डुलण्याची सवय करून घेतलेली असते, ती सुटायला एखाद-दोन दिवस लागतात. गाडीत मोबाईलमध्ये डोकं घालू नकोस, खिडकीबाहेर लांब बघ. कसाऱ्याला घाटासाठी मागे बँकर इंजिनं लावतात, ते मुलांना दाखव, तेवढा वेळ छान जातो. आठवड्यानंतरही डुलल्यासारखं वाटत राहिलं तर मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जा.

पण माझं खरं सांगणं यापुढे आहे. दाजींची सहल संपते ती सोमवारी ऑफिस उघडल्यावर. तुझी संपते घराचं कुलूप काढताक्षणी. बॅग खाली ठेवलेली नसते तोवर कुणीतरी म्हणतं, चहा टाक. मग कपड्यांचा ढीग, नासलेलं दही, शिळ्या घराचा वास, आणि चार दिवसांत चेहऱ्यावर आलेलं तेज त्याच संध्याकाळी उतरतं. मला हे बघवत नाही गं. आल्यानंतरचा एक दिवस तूही रजा काढ, शाळेत आत्ताच सांगून ठेव. बॅगा दुसऱ्या दिवशी उघड. मुलं मोठी झालीत, आपापले कपडे मशीनपाशी नेऊन टाकतील. हे सगळं घरात निघायच्या आधी बोल, दमून आल्यावर बोललं की त्याचं भांडण होतं. सासूबाईंना हवं तर मी सांगते, त्या माझं ऐकतात.

त्या रात्रीचा स्वयंपाक तू करायचा नाहीस. बामणोदची वांगी आली असतील, भरीत आणि कळण्याच्या भाकरी मी करून ठेवते. किल्ली माझ्याकडे देऊन जा, म्हणजे दूधही फ्रिजमध्ये ठेवीन. गाडीचं तिकीट पक्कं झालं की लगेच कळव, स्टेशनवर रिक्षा सांगून ठेवायला लागेल.