आधी टेप काढा, मग केबल

पुण्यात कार्यक्रमांना एलईडी वॉल, प्रोजेक्टर आणि कॅमेरे लावून देण्याचा माझा धंदा. कामावर नव्याने आलेली पोरं हमखास विचारतात, "दादा, एचडीएमआय बरं की एसडीआय?" मी विचारतो, "वॉलपासून आपलं टेबल किती लांब आहे?"

१. खोक्यावरचे आकडे नंतर वाचा. एचडीएमआय २.० सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेतं, आणि ६० फ्रेमचं फोरके चित्र पूर्ण रंगात पाठवायचं तर त्यातले १७.८२ तिथेच संपतात. तांब्याच्या साध्या केबलला हे पाच-सात मीटरपर्यंत झेपतं. पुढे चित्रात पांढरे ठिपके लुकलुकायला लागतात, मग पडदा काळा. आणि अंतर नजरेने मोजू नका. केबल खांबावर चढते, कार्पेटखालून वळसा घेते, दरवाजा टाळून जाते. १५ मीटरचं अंतर २५ मीटर केबल सहज खातं. ऑप्टिकल एचडीएमआय लांब जातं, पण त्याची दिशा ठरलेली असते. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. ते ओढण्याआधी वाचा. कार्पेट अंथरून झाल्यावर डेकोरेटर ते पुन्हा उचलू देत नाही.

२. लांबच्या कामाला एसडीआय. टीव्ही स्टुडिओंसाठी १९८९ मध्ये ठरलेलं हे मानक आजही मांडवात टिकून आहे, त्याचं निम्मं श्रेय बीएनसी जोडाला. घालून थोडा फिरवला की अडकतो. केबलमध्ये पाय अडकून माणूस पडेल, जोड सुटणार नाही. थ्रीजी एसडीआयवर १०८०पी चित्र चांगल्या कोॲक्सवरून ७०-८० मीटर निर्धास्त जातं. फोरकेसाठी ट्वेल्व्हजी घेतलं की ही मजल बरीच घटते.

एक खोच मात्र आहे. व्हिडिओची केबल ७५ ओहमची लागते. साउंडवाल्याच्या वायरलेस माइकच्या अँटेनाची केबल असते ५० ओहमची, आणि तिलाही बीएनसीच. दिसायला तशीच, बसतेही व्यवस्थित. तुकडा छोटा असेल तर चित्र येतंही, आणि ऐन कार्यक्रमात रुसतं. आमच्या पेटीत व्हिडिओच्या प्रत्येक केबलला पिवळी टेप असते, ती यासाठीच.

३. एचडीएमआय एकतर्फी नाही. पडदा आधी आपली ओळख पाठवतो, तिला ईडीआयडी म्हणतात, आणि लॅपटॉप त्याप्रमाणे चित्राचं माप ठरवतो. वक्ता बदलला, लॅपटॉप बदलला की माप बदलण्याची भीती. पोडियमजवळ ईडीआयडी धरून ठेवणारी छोटी डबी लावली की हा घोळ मिटतो. एचडीसीपी म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, त्याचं दुखणं वेगळं. काही लॅपटॉप साध्या स्लाइडलाही ते कुलूप लावतात, आणि एसडीआयमध्ये या कुलपाची सोयच नाही. एचडीएमआयचं एसडीआय करणाऱ्या कन्व्हर्टरचे सगळे दिवे हिरवे, वॉल काळी, आणि आयोजक तुमच्याकडे बघतायत!

४. डिस्प्लेपोर्ट हे संगणकाच्या टेबलावरचं मानक, व्हेसा संस्थेने २००६ मध्ये आणलेलं. कंट्रोल रूम, एडिटिंग, ग्राफिक्सचा सर्व्हर इथे मी तेच घेतो. डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारी स्वस्त केबल चालते, कारण बऱ्याच संगणकांचं पोर्ट स्वतःच एचडीएमआयचा सिग्नल देऊ शकतं. उलट दिशेला ती केबल निव्वळ दोरी. आणि काढताना खटका दाबा, नाहीतर सॉकेट हातात येईल.

५. डीव्हीआय जुन्या वॉल प्रोसेसरवर अजून भेटतं. सिंगल लिंकवर १९२०×१२०० पर्यंत निभतं. स्क्रू घट्ट करा.

६. पन्नास की साठ, हे सकाळीच ठरवा. आपल्याकडचं प्रसारण ५० हर्ट्झचं, लॅपटॉप बहुधा ६० चा. दोन्ही एकाच स्विचरवर आले की कुणाचं तरी रूपांतर होणारच, आणि सरकत्या अक्षरांची पट्टी मध्येच अडखळते. थेट प्रक्षेपण असेल तर मी सगळं ५० वर नेतो. चॅनेलची ओबी व्हॅन आली की भांडण नको.

७. वॉल जनरेटरवर आणि टेबल हॉलच्या विजेवर असेल, तर दोन अर्थिंगमधला फरक धातूच्या केबलमधून वाहतो आणि महागडी पोर्टं जळतात. अशा ठिकाणी मी एसडीआयसुद्धा फायबरवरूनच नेतो. भाडं वाढतं म्हणून ग्राहक कुरकुरतो. त्याला मी वॉल प्रोसेसरची किंमत सांगतो.