हरभऱ्यातला तिवडा घोड्याच्या चंदीत नको

फाल्गुनात माळव्यातला हरभरा खळ्यावर येतो. तिवडा मिसळलेला माल खरेदी केंद्रावर अडतो, म्हणून शेतकरी तो चाळून घेतात. पण चाळून निघालेला तिवडा स्वस्तात चुनीत भरडला गेला, तर तो थेट घोड्याच्या तोबऱ्यात पोचतो. अक्षय्यतृतीयेच्या लग्नांसाठी चंदी वाढवण्याचे दिवसही हेच. इंदूरच्या भंवरकुआं ते महू पट्ट्यातील घोडेमालकांनी आणि त्यांना दाणा विकणाऱ्या शेतकऱ्यांनी आत्ताच सावध राहावे.

धोका काय?
तिवडा म्हणजे विदर्भातली लाखोळी. तिच्या दाण्यात ‘ओडॅप’ हे मज्जातंतूंना मारक द्रव्य असते. सागर भागात 1829 ते 1831 अशी सलग तीन वर्षे गव्हाची पिके बुडाली, लोक तिवड्यावर जगले आणि 1833 पासून तरुणांचे पाय लुळे पडू लागले, अशी नोंद स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने केली आहे. घोड्यालाही हे विष बाधते. एका दिवसाच्या चंदीने काही होत नाही. आठवडे-महिने खाणे चालू राहिले की त्रास अचानक दिसतो.

लक्षणे
- मागचे पाय ताठ पडतात, खूर घासत जातो.
- वळताना किंवा मागे सरकवताना कंबर डोलते.
- थोडे पळवले तरी श्वास घेताना घशातून घरघर येते. स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडल्याची ही खूण आहे. अशा घोड्याला दामटल्यास तो गुदमरू शकतो.

गफलत टाळा
मागचा भाग लुळा पडण्याचे कारण दरवेळी चंदीच असते असे नाही. सर्रा आणि कुमरी या आजारांतही तसे होते. सर्रा डांसांमुळे (चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे) पसरतो, कुमरी डासांमुळे. बुरशी लागलेल्या मक्यानेही घोडा झोकांड्या खातो. म्हणून ‘वात आला’ म्हणत तेल चोळत बसू नका. पशुवैद्याला बोलवा, सर्र्यासाठी रक्त तपासून घ्या आणि चंदीचा नमुना दाखवा. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय याच पट्ट्यात आहे.

लगेच काय करावे?
संशयित दाणा त्याच दिवशी बंद करा. घोड्याला वरातीला नेऊ नका किंवा गाडीला जुंपू नका. सपाट, न घसरणाऱ्या जागी मऊ अंथरुणावर ठेवा. चांगले गवत आणि स्वच्छ पाणी द्या. या विषावर उतारा नाही. लवकर थांबवल्यास सुधारणेची आशा असते. उशीर झाल्यास दोष कायम राहतो.

खरेदी करताना
चुनी नको, अख्खा हरभरा घ्या. मूठभर दाणे ताटात पसरा. हरभऱ्याला चोच असते. तिवड्याचा दाणा कोनदार, पाचरीसारखा आणि करडा-तपकिरी असतो. भिजवून, उकळून पाणी टाकल्यास विष कमी होते, संपत नाही. ‘रतन’, ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ या वाणांत विष कमी असले, तरी घोड्याला तेही देऊ नका.

शेतात
हरभऱ्यात उभा राहिलेला तिवडा कापणीआधी उपटून वेगळा काढा. पुढच्या हंगामाचे बियाणे आत्ताच निवडून ठेवा. चाळलेला तिवडा चुनीवाल्याला विकताना तो घोड्यासाठी नाही, हे स्पष्ट सांगा. ग्राहकाला भरड्यात तो ओळखता येत नाही.