मावळातील जुन्या कबरी : इतिहास आणि निगा

मावळ हा गडकिल्ल्यांप्रमाणेच घाटवाटांचा प्रदेश होय. रघुनाथरावाचा पक्ष घेऊन इंग्रजांची मुंबईची फौज बोरघाट चढून आली. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ तिचा कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने ठार झाला आणि त्याच महिन्यात इंग्रजांना वडगावचा तह पत्करावा लागला. शत्रूच्याही शौर्याची कदर करून मराठ्यांनी स्टुअर्टला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. वडगाव येथील त्याची कबर आजही टिकून आहे.

पुढे याच घाटात रेल्वेमार्गाचे काम चालू असता, १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे चालविले. ही नावे इतिहासात राहिली. पटकीने व अपघाताने दगावलेल्या बहुसंख्य मजुरांच्या नावाचा मात्र दगडही नाही.

म्हणूनच कबरीवरील प्रत्येक कोरीव शिळा हा दस्तऐवज मानावा. दफनभूमीची व्यवस्था हे ग्रामपंचायतीचे कर्तव्यच आहे. दुरुस्तीपूर्वी लेख जसाच्या तसा उतरवून घ्यावा व छायाचित्र काढावे. अक्षरे तारेच्या ब्रशने वा आम्लाने घासू नयेत. मऊ ब्रश व स्वच्छ पाणी पुरेसे असते. चुन्याच्या जुन्या बांधकामावर सिमेंट लिंपू नये. आत ओल कोंडून दगड झिजतो. सांध्यांतील पिंपळाचे रोप लहान असतानाच काढावे.

शाळेने या कबरींची नोंदवही ठेवावी. बिननावाच्या कबरींच्या जागाही वृद्धांना विचारून तीत नोंदवाव्यात. मावळच्या पावसात दगडावरची अक्षरे पुसट होतात. वहीतील नोंद मात्र पुढील पिढीच्या हाती राहील.