जुन्या जीपच्या पेट्रोल टाकीखालचा गंज : कारणे व उपाय

आपल्यापैकी काहींच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची जीप अजून उभी असेल. अमेरिकेतील विलीज कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ साली, शेतकऱ्यांसाठी नागरी जीप बाजारात आणली. तिचे सुटे भाग आणून मुंबईत जोडणी करण्याचे काम महिंद्र कंपनीने पुढे हाती घेतले. त्यानंतर ही गाडी आपल्याकडील बागायतदारांच्या वाड्यावस्त्यांवर दिसू लागली. या गाडीचे इंजिन वेळच्या वेळी तेलपाणी मिळाल्यास वर्षानुवर्षे चालते. मात्र एका जागेकडे सहसा कोणी पाहत नाही. ती जागा म्हणजे चालकाच्या सीटखाली असलेल्या पेट्रोल टाकीचा तळ. टाकी तळातून गळू लागली तर पेट्रोल थेट चालकाच्या खाली साचते. म्हणून हा प्रश्न केवळ टाकीच्या किमतीचा नाही, जिवाचा आहे.

गंज खालूनच का लागतो ?

या जीपमध्ये टाकी फरशीच्या पत्र्यावर बसवून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली असते. फरशीचा हा भाग खोलगट असल्याने पावसाचे पाणी, गाडी धुतलेले पाणी आणि पायाबरोबर आलेला चिखल तेथेच जमतो. निचऱ्याचे छिद्र चिखलाने बुजले की पाणी आठवडेच्या आठवडे तसेच राहते. ज्या शेतात निचरा नाही तेथे पिकाची मुळे कुजतात, तशीच गत येथे पत्र्याची होते.

गाडीतून रासायनिक खतांची वाहतूक होत असेल तर नुकसान अधिक वेगाने होते. गोणीतून सांडलेले म्युरेट ऑफ पोटॅश किंवा अमोनियायुक्त खत हवेतील ओलावा शोषून घेते. असे क्षारयुक्त पाणी साध्या पाण्यापेक्षा लोखंड लवकर खाते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेची त्यात भर पडते.

दुसरे कारण म्हणजे घर्षण. कच्च्या रस्त्यावर टाकी आणि फरशी एकमेकांवर घासतात व रंग निघून जातो. रंग गेला की उघड्या पत्र्याला गंज धरतो. म्हणून टाकीखाली गादी हवीच. परंतु ती पाणी न शोषणारी हवी.

गादी कशाची असावी ?

पुष्कळ ठिकाणी टाकीखाली गोणपाट, काथ्या, नमदा किंवा स्पंज घातलेला आढळतो. यामुळे खडखडाट थांबतो, पण ही सर्व साधने पाणी धरून ठेवतात. वरून कोरडी दिसणारी गादी आतून ओली राहते आणि टाकीचा तळ व फरशी दोन्ही एकदमच सडतात. अशी गादी असेल तर ती प्रथम काढून टाकावी.

सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर पेट्रोल लागल्यास फुगते व मऊ पडते. त्याऐवजी पेट्रोलला टिकणारे नायट्राइल रबर वापरावे. ३ ते ५ मि.मी. जाडीचा तक्ता घेऊन त्याच्या ४ ते ५ सें.मी. रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. संपूर्ण तळ झाकणारा अखंड तक्ता घालू नये. त्याखाली पाणी अडकते.

टाकी उतरविताना घ्यावयाची काळजी

१. काम उघड्यावर, सावलीत करावे. जवळपास चूल, विडी, चालू मोटार किंवा वेल्डिंगचे काम नसावे. वाळूची बादली हाताशी ठेवावी.

२. बॅटरीची गाडीच्या बॉडीला जोडलेली तार सर्वप्रथम सोडावी.

३. पेट्रोल हातपंपाने धातूच्या झाकणाच्या डब्यात काढावे. नळीने तोंडाने ओढू नये. पेट्रोल फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते.

४. काट्याची वायर व पेट्रोलची नळी सोडून टाकी उचलावी आणि सर्व तोंडे घट्ट बंद करावीत.

रिकामी टाकी अधिक धोकादायक असते हे पक्के लक्षात ठेवावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती टाकीत दडून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले तरी ठिणगीने स्फोट होतो. पाण्याने एकदोनदा खळबळून ही वाफ पूर्ण जात नाही. त्यामुळे टाकीला घरी किंवा गावातील दुकानात वेल्डिंग करून घेऊ नये. डिझेलच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. पत्र्याला भोके पडली असतील तर टाकी बदलावी किंवा टाकी दुरुस्तीचेच काम करणाऱ्या जाणकार कारखान्यात द्यावी. साबण किंवा लांबी लावून थांबविलेली गळती हा तात्पुरता इलाज आहे, त्यावर विसंबून गाडी वापरू नये.

साफसफाई व रंग

बाहेरील गंज काढण्यासाठी विजेवर चालणारे ग्राइंडर वापरू नये. टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन पितळी तारेच्या ब्रशने आणि पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरने हाताने घासावी. खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक लावावे. हे करताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. नंतर धुऊन उन्हात पूर्ण वाळवावे.

वाळल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावेत. सांधे, कडा आणि पट्ट्यांखालील जागा ब्रशने नीट भराव्यात, कारण गंज येथूनच सुरू होतो. टाकीखालच्या फरशीलाही असाच रंग द्यावा. गाडीच्या तळाला लावतात ते डांबरी लेपन येथे लावू नये. पेट्रोल सांडले की ते विरघळते. रंग पूर्ण कडक होण्यास आठवडाभर द्यावा. ओल्या रंगावर रबर ठेवल्यास ते चिकटून रंग ओरबाडला जातो.

गादी बसविण्याची पद्धत

१. निचऱ्याचे छिद्र तारेने मोकळे करावे. तांब्याभर पाणी ओतून ते लगेच निघून जाते का ते पाहावे. हेच छिद्र एखादे वेळी गळलेल्या पेट्रोललाही बाहेरची वाट देते, म्हणून ते कधीही बुजवू नये.

२. रबरी पट्ट्या उताराच्या दिशेने, छिद्राकडे तोंड करून, ८ ते १० सें.मी. अंतराने फरशीला चिकटवाव्यात. आडव्या पट्ट्या बांधासारखे पाणी अडवितात.

३. टाकी सर्व पट्ट्यांवर सारखी टेकली पाहिजे. बाजूच्या पत्र्याला ती लागत असल्यास तेथेही रबराचा तुकडा द्यावा.

४. आवळण्याच्या लोखंडी पट्ट्यांखालीही रबर घालावे. दोन्ही बाजूंचे नट थोडे थोडे करून सारखे आवळावेत. फार आवळल्यास टाकीला पोचा येतो, सैल ठेवल्यास ती घासते.

५. आठवडाभर गाडी चालविल्यावर नट पुन्हा तपासावेत.

आतील गंज व इथेनॉल

देशात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते. गाडी कित्येक महिने उभी राहिली तर हे पाणी इथेनॉलसह तळाशी उतरते आणि टाकी आतून गंजू लागते. जुन्या रबरी नळ्याही या पेट्रोलने लवकर खराब होतात. म्हणून टाकी उतरविली असतानाच नळ्या बदलून घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने पेट्रोल भरून उभी ठेवू नये.

वर्षातून दोन वेळा

मृगापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा सीट काढून टाकीखाली पाहावे. निचऱ्याचे छिद्र साफ करावे, पट्ट्या तपासाव्यात, रंग उडाला असेल तेथे हात मारावा. खतांची वाहतूक केल्यावर गाडी त्याच दिवशी धुवावी व सीट उघडी ठेवून वाळू द्यावी. पेट्रोलचा वास येत असेल किंवा तळाशी काळसर ओला डाग दिसला तर कारण सापडेपर्यंत गाडी सुरू करू नये.