शंका-समाधान : कॉलेजशिक्षण आणि दिव्यांग विद्यार्थी

या वेळची बहुतेक पत्रे सदलगा आणि चिकोडी-निपाणी पट्ट्यातून आली आहेत. प्रवेश, परीक्षा आणि कॉलेजातला रोजचा त्रास यांची काळजी त्यांत आहे. सवलत मागताना वाटणारा संकोचही जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे सोय करून द्यावी, अशी जबाबदारी त्यात घातलेली आहे. म्हणून मागताना मान खाली घालू नका.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या मुलीला जन्मापासून फार कमी दिसतं. बारावी झाली, आता कोल्हापूरला शिकायचं म्हणते. पण तिचा दाखला बेळगावचा. पाव्हणे म्हणतात, कर्नाटकाचा कागद महाराष्ट्रात चालत नाही, नवा काढावा लागेल. आणि आधारवर पत्ता सदलग्याचा, म्हणून तिकडं नवाही देणार नाहीत. पोरीचं वर्ष बुडतंय की काय, या विचारानं झोप लागत नाही. (एक वडील, सदलगा)

उत्तर : दाखल्यापायी वर्ष बुडणार नाही. अधिनियमाच्या कलम 58 नुसार रीतसर दिलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते. दाखला जुना, हाती लिहिलेला असेल तर मात्र यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे देशभर एकच क्रमांक असलेले ओळखपत्र) आताच काढून घ्या. अर्ज ‘स्वावलंबन’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करायचा असतो. तपासणी राहत्या जिल्ह्यात होते, म्हणजे तुमच्यासाठी बेळगावात. त्या दिव्यांगत्वावर दुसरीकडच्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू असतील, तर तिथे अर्ज करण्याचीही नियमात सोय आहे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मुलीचे केसपेपर असतील तर ते जपून ठेवा.

खरी अडचण दुसरीकडे येऊ शकते. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात आणि वयाची अट 5 वर्षांनी शिथिल असते. पण काही अभ्यासक्रमांना राज्याच्या अधिवासाची (कायम रहिवासाची) अट असते. ती अट आणि दाखल्याची ग्राह्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाव्हण्यांनी बहुधा त्यांची गल्लत केली आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषक विद्यार्थ्यांना तिकडच्या व्यावसायिक प्रवेशांत सवलत आहे, तीही आणखी निराळी. फॉर्म भरण्याआधी आपल्या अभ्यासक्रमाला कोणती अट लागते, हे प्रवेश विभागाकडून लेखी घ्या.

अभ्यासासाठी एनव्हीडीए ही संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली मोफत मिळते आणि ती मराठीही वाचते. ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात छापील पुस्तक वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तके आहेत. मुलीला एकदा अल्पदृष्टी-तज्ज्ञाला दाखवा. योग्य भिंग मिळाल्याने पुष्कळ फरक पडतो. डोळ्यासमोर अचानक पडदा आल्यासारखे झाले किंवा वीज चमकल्यासारखे दिसू लागले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तोंडी विचारलं तर सगळं येतं, पण लिहायला बसलो की अक्षरं उलटसुलट होतात, हात आखडतो आणि पेपर अर्धा राहतो. शाळेपासून मास्तर आळशी म्हणायचे, आता मलाच तसं वाटायला लागलंय. कुणीतरी म्हणालं, 40 टक्के नसतील तर काही मिळत नाही. माझे हातपाय तर धड आहेत. मग मी ढोंग करतोय का? (एक विद्यार्थी, निपाणी)

उत्तर : नाही, तुम्ही ढोंग करत नाही. तोंडी येणे आणि कागदावर न उतरणे ही तफावत लेखन-अक्षमतेत (मेंदूकडून हाताकडे लिखाण नीट न उतरण्यात) नेहमी दिसते. विशिष्ट अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणारा अडथळा) या नावाने ती कायद्यातल्या 21 दिव्यांगत्वांत मोडते. हात आखडण्याचे कारण मात्र वेगळे, मज्जातंतूंचेही असू शकते. त्यामुळे पत्रावरून निदान करणे योग्य होणार नाही. आधी मेंदूविकारतज्ज्ञांना हात दाखवा, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून चाचणी करून घ्या. धारवाडची डिमहान्स ही सरकारी संस्था तुम्हाला त्यातल्या त्यात जवळ आहे. या अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या अठराव्या वर्षी मिळाले की ते कायमचे धरले जाते, असे दिव्यांगत्व मोजण्याबद्दलच्या 2018 च्या केंद्रीय सूचनांत म्हटले होते.

40 टक्क्यांची अट राखीव जागांना लागते. लेखनिकाबद्दल (उत्तरे ऐकून लिहून देणाऱ्याबद्दल) सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 रोजी विकास कुमार खटल्यात स्पष्ट निकाल दिला. त्या परीक्षार्थीला लिहिताना हात आखडण्याचाच विकार होता. त्याचे दिव्यांगत्व 40 टक्के भरत नाही एवढ्याच कारणाने त्याला लेखनिक नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने 40 टक्क्यांखालील, लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, म्हणून तपासणी पुढे ढकलू नका. आणि तुम्हाला आळशी म्हणणाऱ्यांना या विकाराची माहिती नव्हती; तो शिक्का तुम्ही स्वतःवर मारून घेऊ नका.

प्रश्न : माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे) आहे. बोलणं समजतं, लिहिता येत नाही. मराठीचा पेपर लिहून देणारा मिळेल, पण त्याला कन्नड येत नाही. एकाच लेखनिकाची परवानगी असते म्हणे. चुकीचं लिहिलं तर माझं लेकरू नापास होईल! (एक आई, चिकोडी)

उत्तर : ताई, लेखनिकाबद्दलच्या 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत याचा विचार झालेला आहे. एका विषयाला लेखनिक एकच, पण वेगवेगळ्या विषयांना, विशेषतः भाषांच्या पेपरांना, वेगवेगळे लेखनिक घेता येतात. सीमाभागातल्या मुलांना याचा मोठा आधार आहे. परीक्षा घेणाऱ्यांनी लेखनिक दिला, तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटून पारखून घेता येते. तासाला किमान 20 मिनिटे जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. या सूचना आणि लेखनिकाच्या शिक्षणाच्या अटी बदलत असतात, म्हणून विद्यापीठाचे चालू परिपत्रक मागून घ्या. आणि लेखनिकाबरोबर घरी सराव कराच. सांगून लिहवणे ही शिकायची गोष्ट आहे, ती परीक्षेच्या दिवशी आपोआप येत नाही.

प्रश्न : मला दोन वर्षांपासून मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत. सकाळी डोकं जड असतं, पहिला तास बुडतो, हजेरी भरत नाही. कॉलेजात सांगितलं तर गावभर होईल, पुढं स्थळं येणार नाहीत. मधूनच वाटतं, नको हे सगळं. (एक विद्यार्थिनी, बेळगाव)

उत्तर : शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलू. हे वाटणे जीव नकोसा होण्यापर्यंत जात असेल तर आजच घरच्या एका माणसाला सांगा आणि तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. भेट होईपर्यंत टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. गोळ्या मनाने बंद करू नका. डोके जड राहते हे डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा वेळ बदलता येते, आणि निम्मा प्रश्न तिथेच सुटण्याची शक्यता असते.

मानसिक आजारही 21 दिव्यांगत्वांत येतो, पण कार्ड काढायचे की नाही हे सर्वस्वी तुम्ही ठरवायचे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 नुसार उपचारांची गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. हजेरीसाठी सगळ्या वर्गाला काही सांगावे लागत नाही. प्राचार्यांना बंद पाकिटात डॉक्टरांचे पत्र द्या, त्यात आजाराचे नाव न घालता ‘सकाळच्या वेळेत उपचारांमुळे अडचण’ एवढेच लिहून घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : मी चाकाच्या खुर्चीवर असतो. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मित्र उचलून नेतात, मला फार लाजल्यासारखं होतं. तक्रार केली तर सर डूख धरतील. (एक विद्यार्थी, सदलगा)

उत्तर : लिफ्टला वर्षे लागतील, वर्ग तळमजल्यावर आणायला एक वेळापत्रक बदलावे लागते. आधी तेवढेच मागा. जिन्यावरून उचलून नेणे तुमच्यासाठी आणि मित्रांच्या पाठीसाठी धोक्याचेही आहे, हे अर्जात लिहा. दखल घेतली नाही तर संस्थेकडेच लेखी तक्रार नोंदवा. तिथे दाद लागली नाही तर दिव्यांगांसाठीच्या राज्य आयुक्तांकडे जा : कॉलेज कर्नाटकात असेल तर बेंगळुरू, महाराष्ट्रात असेल तर पुणे. नगरपालिकेतल्या दिव्यांग पुनर्वसन कार्यकर्त्याला अर्ज लिहिताना सोबत घ्या.

सर्वांनाच एक विनंती. मागणी तोंडी ठेवू नका. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि तो अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच द्या. हॉल तिकीट हातात पडेपर्यंत थांबू नका.