डोंगरातली वाडी: मृगाआधीची तयारी आणि वेळेवर निघणं

चला, बाह्या सरसावा. ही कृती सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांसाठी आहे. वर रान, खाली रान, मधे थोडी घरं आणि उतरायला एकच वाट, अशी तुमची वाडी महाड-पोलादपूरकडची असो, जावळी-पाटणची असो की आंबेगाव-मुळशीची, काम एकच आहे. दरड कोसळेल तेव्हा उतारावर आपलं माणूस नको.

पायऱ्यांचा क्रम मोडू नका. लोक आधी पिशवी भरतात आणि जायचं कुठे ते ऐन वेळी ठरवतात. आपण उलटं करू.

साहित्य: एक वही, शिसपेन्सिल, पट्टी, शिट्ट्या, पांढरा ऑइलपेंट, दोन खुंट्या, कारवीची एक सरळ काठी, सरळ उभ्या कडांचा एक डबा, माणशी एक जुनं दप्तर.

मे महिन्यात

1. समोरच्या टेपाडावर जा आणि तिथून आपली वाडी बघा. अंगणात उभं राहून आपल्याच डोक्यावरचा डोंगर दिसत नाही. कोणतं घर घळीच्या तोंडाशी आहे, पऱ्या कुठून उतरतो, कुणाच्या परसामागे डोंगर उभा कापलाय, हे वहीत रेघोट्यांनी काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. धोक्याचं घर आपल्याच भावकीचं आहे म्हणून गाळलं, तर मात्र चालणार नाही.

2. जमायची जागा ठरवा. डोंगराच्या सोंडेवरची किंवा कड्यापासून लांब, माळावरची जागा चांगली. सावध: शाळा पक्की आहे म्हणून लगेच शाळेवर बोट ठेवू नका. घळीखालची सिमेंटची शाळा कुडाच्या घराइतकीच धोक्यात असते.

3. तिथपर्यंतची वाट चालून बघा, वाडीतल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन. किती मिनिटं लागली ते लिहा. वाटेत पऱ्या ओलांडावा लागत असेल तर वाट बदला. मे महिन्यात चप्पलही न भिजवणारा पऱ्या जुलैत गुडघाभर पाण्यात माणूस ओढून नेतो.

4. आता हीच वाट रात्री, बॅटरीच्या उजेडात चाला. दिवसा न दिसलेलं सगळं पायाला लागेल: गोठ्याचा खुंट, कुंपणाची तार, निखळलेला दगड.

5. वळणावरच्या झाडांवर आणि दगडांवर ऑइलपेंटचे पट्टे ओढा. घरात चुना आहे म्हणून चुना फासू नका. पहिल्या सरीला धुऊन जाईल.

6. घराच्या वरच्या अंगाचा चर मोकळा करा. पाणी घरामागे मुरता कामा नये, बाजूने पऱ्यात गेलं पाहिजे. शेजाऱ्याच्या परसात सोडाल तर भांडण मृगाआधीच सुरू होईल.

7. परसामागचा डोंगर नवा खणायला घेतला असेल तर आजच हात थांबवा. मोरी वाढवायला, गाडी लावायला म्हणून खालून पाय कापला की वरच्या मातीचा आधार जातो.

8. घरांच्या वरचा उतार फिरून भेगा शोधा. मे महिन्यात उन्हाने जमीन तडकतेच, त्या बारीक जाळीला घाबरू नका. आपल्याला हवी ती लांब, धनुष्यासारखी वाकलेली, खालची बाजू जरा खचलेली भेग. तिथलं एखादं झाड नाहीतर विजेचा खांब तिरका झालाय का, तेही बघा.

9. अशी भेग सापडली तर तिच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी ठोका. वीतभर खोल तरी जाऊ द्या, नाहीतर गुरं उपटून टाकतील.

10. कारवीची काठी दोन खुंट्यांच्या मधे अचूक बसेल एवढीच कापा. हे आपलं मोजमाप. रोज सकाळी काठी खुंट्यांमधे धरायची. घट्ट बसली तर ठीक. सैल होऊन खाली पडली तर भेग रुंदावली. घडीची पट्टी नको, आकडेमोड नको, शाळेतलं पोरही हे काम करतं.

11. ही भेग तलाठ्याला आणि पोलीस पाटलांना दाखवा. नुसतं तोंडी सांगू नका. अर्ज द्या आणि पोच घ्या.

12. कागद एकत्र करा: रेशनकार्ड, आधार, पासबुक, सातबारा, आठ-अ, मुलांचे दाखले. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. फोटो काढून गावाबाहेरच्या नातेवाइकालाही पाठवा. फक्त फोनमधे ठेवलेले कागद फोन भिजला की गेले.

13. माणशी एक दप्तर भरा. त्यात दोन लिटर पाणी, शेंगदाणे-गूळ, चिवडा, बॅटरी, सुटे सेल, शिट्टी, एक कोरडा कपड्यांचा जोड आणि डब्यात बंद केलेली काडेपेटी. बीपी-साखरेच्या गोळ्या आठवडाभर पुरतील एवढ्या. बायकांचे पॅड, तान्ह्याचं दूध-दुपटं विसरू नका. दहा-वीस-पन्नासच्या थोड्या नोटा हव्यातच, कारण टॉवर बंद पडला की फोनमधले पैसे असून नसल्यासारखे. दप्तर स्वतः पाठीला लावून दहा पावलं चालून बघा. कंबर वाकली तर सामान काढा. भांडीकुंडी न्यायला आपण लग्नाला निघालेलो नाही.

14. दप्तर दाराशी खुंटीला टांगा. माळ्यावर टाकलेलं दप्तर रात्री सापडत नाही.

15. पहार, टिकाव, फावडी, घमेली, कोयते आणि एक जाड दोर जमायच्या जागी नेऊन ठेवा. अवजारं घरातच राहिली आणि घरावरच माती आली, तर हाताने उकरायची वेळ येते. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 च्या रात्री दरड आली तेव्हा वर गाडी जात नव्हती. मदतीला आलेली माणसं डोंगर चढून पोचली. तुमच्या वाडीला रस्ता नसेल तर पहिले काही तास तुम्हीच तुमची मदत आहात.

16. डोली बांधून ठेवा. दोन जाड बांबू आणि एक मजबूत घोंगडी पुरते. वाडीतल्या सगळ्यात वजनदार माणसाला हसतखेळत तिच्यात बसवा आणि खरंच उचलून चाला. गाठ सुटणार असेल तर ती आज सुटू दे.

17. बाहेरचा एक माणूस नेमा. मुंबई-पुण्याला वाडीचं कोणीतरी असतंच. सगळ्या घरांनी आपण सुखरूप असल्याचा निरोप त्याच एकाला द्यायचा आणि बाकीच्या नातेवाइकांनी त्यालाच विचारायचं. नाहीतर चाळीस फोन एकदम येतात आणि उरलीसुरली बॅटरी संपते.

18. इशारत ठरवा. देवळातली घंटा न थांबता वाजत राहिली की निघायचं, एवढं सोपं ठेवा. घंटेजवळच्या दोन घरांवर ही जबाबदारी नावानिशी द्या. ‘कोणीतरी वाजवेल’ म्हटलं की कोणीच वाजवत नाही.

19. दिवस भरत आलेल्या सुनेला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जूनअखेर खाली, दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे पोचवा. आशाताईंशी आधी बोला. प्रसूतीची तारीख ऑगस्टात आहे म्हणून ऑगस्टपर्यंत थांबू नका.

20. आता बैठक बोलवा आणि निघायची अट लिहून काढा. मला विचाराल तर सगळ्या कृतीत हीच पायरी अवघड. कारण प्रत्येक वाडीत एक आबा असतात. ‘सत्तर पावसाळे काढले, डोंगर कुठे जात नाही,’ असं ते म्हणतात आणि ओटीवर बसून राहतात. ऐन पावसात त्यांच्याशी वाद घालायला वेळ नसतो, म्हणून आज बोला. त्यांचं कोण ऐकतं ते शोधा. मुलाचं ऐकत नाहीत, पण नातीचं ऐकतात. तर आबांना घेऊन यायचं काम नातीचं. अट साधी असू द्या: प्रशासनाने जागा सोडायला सांगितली, किंवा पुढच्या 23 व्या पायरीतली एक जरी खूण दिसली, की निघायचं. मतदान नाही, चर्चा नाही. खाली सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्या, आबांचाही.

पाऊस लागल्यावर

21. सरळ कडांचा डबा उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, पक्का बसवा. बादली नको, ती वर पसरट असते आणि आकडा फसवते.

22. रोज सकाळी साडेआठला डब्यात पट्टी बुडवून पाणी मोजा, लिहा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर म्हणजे 10 मिलिमीटर. 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वरचा पाऊस ही हवामान खात्याची सगळ्यात वरची पायरी; डब्यात वीस सेंटिमीटरच्या वर पाणी दिसलं तर खुणांची वाट न बघता निघा. पण आकडा कमी आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. आधीच्या चार दिवसांचं पाणी डोंगराच्या पोटात असतं, ते डब्यात दिसत नाही.

23. त्याच वेळी खुणा बघा. काठी खुंट्यांमधून पडते. पऱ्याचं पाणी अचानक गढूळ लाल होतं, किंवा भर पावसात एकदम कमी होतं. म्हणजे वर काहीतरी अडलंय. कधी नव्हे तिथे झरा फुटतो. काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतं. डोंगरातून गडगड ऐकू येते, झाडं मोडल्याचा आवाज येतो. पाणी का आटलं ते बघायला पऱ्याने वर जाऊ नका!

निघायची वेळ

24. निर्णय दुपारीच घ्या. जिल्ह्याला लाल इशारा आहे, पाऊस थांबत नाही आणि मनात शंका आहे, तर संध्याकाळचा चहा जमायच्या जागी प्या. अंधार पडल्यावर तीच वाट दुप्पट लांब होते. रिकामं घर रात्रभर उभं राहिलं आणि काहीच झालं नाही, तर बिघडलं कुठे?

25. घंटा वाजवा.

26. गॅसचा रेग्युलेटर बंद करा.

27. विजेचा मेन स्विच पाडा. हात ओले असतील तर हात लावू नका, तसेच निघा.

28. गुरांची दावी सोडा. त्यांना हाकत बरोबर न्यायचा हट्ट नको. मोकळं जनावर आपली वाट शोधतं, बांधलेलं गोठ्यातच सापडतं.

29. दप्तर पाठीला लावा आणि ठरलेल्या वाटेनेच चला. वाटेतच वरून माती येताना ऐकलीत, तर तिच्या पुढे उतारावरून खाली धावू नका, तिच्याशी शर्यत जिंकता येत नाही. आडवं पळा, जवळच्या सोंडेच्या दिशेने.

30. जमायच्या जागी घरटी डोकी मोजा. वहीतली यादी वाचा आणि त्या माणसाने स्वतः ‘हो’ म्हटल्यावरच खूण करा. ‘तो मागून येतोय’ याला हजेरी धरू नका.

31. फोन लावा: 112, किंवा जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077. जखमी असेल तर 108. वाडी, गाव, तालुका, किती माणसं, कोण जखमी, रस्ता कुठे बंद, एवढंच सांगा. रेंज नसेल तर पोलीस पाटलांना आणि नेमलेल्या बाहेरच्या माणसाला एसएमएस टाका; फोन लागत नाही तिथे कधीकधी एसएमएस जातो. रेंजसाठी कड्यावर चढू नका.

32. दरड आली असेल तर आधी लांबून हाका मारा, शिट्टी वाजवा आणि मधेमधे सगळे गप्प राहून ऐका. कितीही जीव तुटला तरी सगळ्यांनी एकदम मातीवर धावू नका. पहिलीच्या मागून दुसरी येते. थोडे जण उकरायला, आणि एकजण फक्त वरचा डोंगर बघत शिट्टी तोंडात धरून उभा.

33. प्यायचं पाणी खळखळून उकळा. जुलाब लागलेल्याला एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजा. मिठाचा हात सैल सोडू नका.

34. साप चावला तर तो अवयव न हलवता माणसाला डोलीत घाला आणि दवाखान्याकडे निघा. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यात वेळ घालवू नका.

परतताना

35. पाऊस उघडला की लगेच घराकडे सुटू नका. डोंगर ओला असेपर्यंत दरड येऊ शकते, ऊन पडल्यावरही. प्रशासनाची पाहणी झाल्यावर, दिवसाउजेडी जा.

36. साफसफाईच्या आधी पडझडीचे फोटो काढा. चिखल काढून झाल्यावर पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही.

37. वायरमनने बघेपर्यंत मेन स्विच चालू करू नका.

38. दप्तरातलं संपलेलं भरा, सेल बदला आणि ते पुन्हा दाराशी टांगा. दिवाळीपर्यंत तिथेच राहू द्या. परतीचा पाऊस ऑक्टोबरातही झोडपतो.