क्षयरोग आणि बुडणारा रोज

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कामगाराने क्षयाच्या गोळ्या दोन महिने घेतल्या आणि बरे वाटताच सोडल्या. खोकला उलटल्यावर माझ्याकडे आला. "डॉक्टर, खाडे झाले तर घर कसं चालवू?" औषध अर्धवट सोडले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, लेकरांनाही लागण होते, हे सांगितले. मग पगाराची स्लिप मागितली. तीत ई.एस.आय.ची कपात होती!

पगाराच्या पाऊण टक्क्याची ही कपात म्हणजे नुसती दवाखान्याची फी नव्हे. 1948 च्या कायद्याने आलेल्या या विम्यात साध्या आजारात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळते. क्षयासारख्या लांबलेल्या आजारात 80 टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षे. त्यासाठी सलग दोन वर्षे नोकरी आणि त्यात निदान 156 दिवसांची वर्गणी हवी. मात्र दाखला विमा दवाखान्याचाच लागतो, माझ्यासारख्या खासगी डॉक्टरचा चालत नाही. कंत्राटी कामगारालाही हा हक्क आहे. ठेकेदार हे सांगत नाही.

औषध सरकारी केंद्रात फुकट मिळते. शिवाय नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी महिना 1,000 रुपये खात्यात जमा होतात. नाव नोंदवताना बँकेचे पासबुक बरोबर न्यावे.